परदेशात नखं करून घेताना या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर रोडला माझं छोटं पार्लर आहे. एप्रिल उजाडला की माझ्या नेहमीच्या कितीतरी बायका मुलांकडे जातात. कोणी न्यू जर्सीला, कोणी म्युनिकला, कोणी दुबईला. गौरी-गणपतीच्या आत बहुतेकजणी परततात आणि पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर हात पुढे करतात. गेल्या वर्षी एका काकूंचं मधलं बोट सुजून लाल झालं होतं. नखुरडं. रात्रभर ठणकत होतं म्हणाल्या. निघायच्या चार दिवस आधी सून हौसेनं त्यांना नखं करायला घेऊन गेली. तिथल्या मुलीनं नखाभोवतीची कातडी खोल कापली आणि दुसऱ्याच दिवशी काकूंनी वीस माणसांच्या पोळ्यांची कणीक मळली. मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. पू धरलेल्या बोटाला पार्लरमध्ये हात लावायचा नसतो.

हे सहज टळलं असतं, म्हणून लिहितेय.

नाव एकच म्हणून काम एकच समजू नका

आपल्याकडे मॅनिक्युअर म्हणजे कोमट शाम्पूच्या पाण्यात हात, मग स्क्रब, कोपरापर्यंत मसाज, हवा तर डी-टॅन पॅक आणि शेवटी नेलपॉलिश. आपल्या बायकांना हात मऊ आणि उजळ झालेले हवे असतात, नखांचा आकार त्यानंतर. बाहेर बहुतेक ठिकाणी नख हेच मुख्य काम असतं. मसाज दोन-तीन मिनिटांचा, नाहीतर नाहीच. ‘एवढे पैसे घेतले आणि हात नीट चोळलेसुद्धा नाहीत’ ही तक्रार मी दरवर्षी ऐकते. त्या मुलीनं काम चुकवलेलं नसतं. तिच्या देशात मॅनिक्युअरचा अर्थच वेगळा असतो.

रशिया, युक्रेनकडून आलेल्या पद्धतीत हात पाण्यात बुडवतच नाहीत. नख पाणी शोषून थोडं फुगतं, पुन्हा सुकलं की आकसतं आणि वरचा रंग लवकर सुटतो, म्हणून सगळं कोरडं काम, तेही बारीक ड्रिलनं. ब्राझीलमध्ये नखाभोवतीची कातडी निपरनं, म्हणजे कातडी कापायच्या छोट्या पकडीनं, अगदी मुळापर्यंत काढतात, रंग कडेच्या कातडीवरही लावतात आणि नंतर काडीला कापूस गुंडाळून तो पुसून घेतात. तिथल्या पुष्कळ बायका स्वतःचा निपर घरून घेऊन जातात, ही सवय आपण उचलण्यासारखी आहे. जपानमध्ये हे काम करणाऱ्यांना नेलिस्ट म्हणतात. त्यांची संघटना १९८५पासून आहे, परीक्षा असतात, एका बैठकीला दोन तास सहज जातात. तिथे जुनं जेल, म्हणजे दिव्याखाली धरून कडक केलेलं नेलपॉलिश, काढण्याचे पैसे बऱ्याचदा वेगळे लावतात आणि ते दुसरीकडे केलेलं असेल तर जास्त. नाशिकहून जेल लावून टोकियोला जाणाऱ्या मुलींनी बुकिंग करतानाच हे सांगावं.

अमेरिकेत नखांच्या दुकानात व्हिएतनामी बायका खूप दिसतात. १९७५मध्ये कॅलिफोर्नियातल्या निर्वासित छावणीत आलेल्या सुमारे २० बायकांना टिपी हेड्रन या अभिनेत्रीनं स्वतःच्या मॅनिक्युरिस्टला बोलावून हे काम शिकवलं आणि तिथून हा धंदा त्या समाजात पसरला. एक हुन्नर हातात आला आणि हजारो घरं उभी राहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण तिथे इंग्रजी तुमचीही दुसरी भाषा आणि तिचीही, त्यामुळे लांबलचक समजावू नका. बोट दाखवा, फोटो दाखवा, दोन शब्दांत सांगा.

सगळ्यात मोठी चूक: कातडी कापू देणं

नखाला चिकटून पुढे सरकणारा पांढुरका पापुद्रा मेलेला असतो. तो मऊ करून, हलका ढकलून काढायला हरकत नाही. त्याच्या मागची कातडीची जिवंत कड मात्र दाराच्या फटीला लावलेल्या रबरी पट्टीसारखी असते. नखाखाली पाणी आणि जंतू जाऊ नयेत म्हणून ती तिथे आहे. ती कापली की फट उघडी पडते. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही ती कापू नका असंच सांगते. रशियन पद्धतीत ही कातडीही ड्रिलनं काढतात आणि शिकलेल्या हातांनी नीट केलेलं ते काम सुंदर दिसतं, हे मी स्वतः पाहिलंय. तरीही अनोळखी गावात, अनोळखी हातांना हे मी करू देणार नाही. आपला स्वयंपाक हातानं होतो. कणीक, भांडी, पुन्हा पाणी, दिवसभर बोटं ओली. त्यात मधुमेह असेल तर बसण्याआधीच तसं सांगा आणि पायाच्या घट्ट्यांना ब्लेड लावू देऊ नका.

काचेच्या पेटीत निळा दिवा लावून ठेवलेली अवजारं बघून निश्चिंत होऊ नका. ती पेटी साफ केलेली अवजारं ठेवण्यासाठी असते, निर्जंतुक करण्यासाठी नव्हे. धातूच्या अवजारांसाठी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं जंतू मारणारं यंत्र, लागतं. नखं घासायची फाइल तर नीट निर्जंतुक करताच येत नाही, म्हणून ती स्वतःची न्या. निपर, कात्री चेक-इन बॅगेत.

पायांसाठी बुडबुड्यांचा टब असतो. २०००मध्ये कॅलिफोर्नियातल्या एकाच दुकानात शंभरावर बायकांच्या पायांना गळवं झाली, कारण टबाच्या जाळीमागे केसांचा आणि कातडीचा कचरा साचून त्यात जंतू वाढले होते. पायांचे केस आधी रेझरनं काढलेल्यांना त्रास जास्त झाला. त्यामुळे पेडिक्युअरच्या आधी रेझर नको, आणि साधं भांडं मिळत असेल तर तेच मागा.

जेल काढण्याची घाई

इथे मला खरंच राग येतो. सुट्टी संपते, जेल कडेनं सुटायला लागतं आणि विमानात बसून बायका ते सोलतात. जेलबरोबर नखाचा वरचा थर निघून येतो. जेल वरून थोडं घासायचं, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस ठेवायचा, फॉइल गुंडाळायचं, १० ते १५ मिनिटं थांबायचं. निघालं नाही तर पुन्हा पाच मिनिटं. खरवडायचं नाही. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे सोललेलं नख पूर्ण बदलायला सहा महिने लागतात.

ॲक्रिलिक, म्हणजे पावडर आणि द्रव मिसळून लावलेलं कृत्रिम नख, फार स्वस्त मिळतंय, वास डोक्यात जातोय आणि ते ॲसिटोनला दाद देत नाहीये, तर उठून या. स्वस्त मालात कधीकधी मिथाइल मेथाक्रिलेट असतं, ज्यावर अमेरिकेत १९७०च्या दशकातच कारवाई झाली होती. ते इतकं कडक असतं की बोट आपटलं तर त्याच्याआधी खालचं खरं नख तुटतं.

भाचीसाठी तिकडून जेलचा घरगुती किट आणू नका. दिवा आणि जेल एकमेकांशी जुळले नाहीत तर जेल आतून कच्चं राहतं, कातडीला लागतं आणि ॲलर्जी होते. ती एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते, आणि अशीच रसायनं दातांच्या भरावातही असतात. युरोपीय संघात जेलमधल्या टीपीओ या घटकावर १ सप्टेंबर २०२५पासून बंदी आहे. आपल्याकडे बाटलीवरची बारीक अक्षरं आपणच वाचायची.

छोट्या गोष्टी

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायच्या आधी बोटांच्या पेरांवर मेंदी नको. केंद्रावर अडचण होते. फार लांब नखांनी बोटं यंत्रावर सपाट टेकत नाहीत. अमेरिकेत १५ ते २० टक्के टिप धरूनच हिशेब करा, जपानमध्ये देऊ नका. आखाती देशांत बायकांच्या पार्लरमध्ये नवऱ्याला आत घेत नाहीत आणि रमजानमध्ये वेळा बदलतात. पर्यटकांना काळी मेंदी काढून देतात तिथे हात मागे घ्या. त्यात केस रंगवायचं रसायन असू शकतं आणि फोड येतात. आणि फिकं जेल लावून आलात तर हळदीचा हात जपा, दोन दिवसांत नखं पिवळी होतात.

परत आल्यावर काही बिघडलं तर

बोट लाल होऊन ठणकत असेल तर दिवसातून तीन-चार वेळा १५ मिनिटं कोमट पाण्यात धरा आणि कोरडं करा. पू दिसला, दोन दिवसांत उतार पडला नाही किंवा मधुमेह असेल तर वाट न बघता डॉक्टर. नखाखाली हिरवट डाग दिसला तर जेलखाली ओल राहून जंतू वाढलेत. वर गडद रंग लावून झाकू नका. जेल काढून टाका, नख कोरडं ठेवा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. नखाभोवती खाज आणि बारीक फोड आले तर जेल कायमचं बंद. नख नुसतं पातळ झालं असेल तर ते लहान कापा, रात्री खोबरेल तेल लावा आणि धीर धरा.

त्या काकू येत्या एप्रिलमध्ये पुन्हा निघाल्यात. त्यांच्या मोबाइलमध्ये मी एक ओळ टाइप करून दिलीय, ‘प्लीज डोन्ट कट, ओन्ली पुश’. पर्समध्ये त्यांची स्वतःची फाइल आहे. आणि सुनेला त्यांनी आधीच कळवलंय की नखं केल्यावर दोन दिवस कणीक ती मळेल.