दारू सोडताना, गोळ्या चालू असताना वाजवत राहायचं तर

मी गिटार वाजवतो. आधी हे सांगतो: रोज भरपूर पीत असाल तर दारू स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांना खरा आकडा सांगा. मी निम्माच सांगितला होता, आणि उपचार तेवढ्यावरच बेतले गेले.

डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात. त्रास मात्र आधी सुरू होतो: मळमळ, झोप उडणं, हाताला बारीक कंप. माझी करंगळी तारेवर ठरेना. हात गेला, आता संपलं, असं वाटून मी गोळी परस्पर बंद केली. चार दिवसांत चक्कर आणि डोक्यात विजेसारखे झटके! तुम्ही तसं करू नका. कंप डॉक्टरांना वाजवूनच दाखवा. माझं औषध त्यांनी हळूहळू बदललं, मग हात स्थिरावला. पण जीव द्यावासा वाटला तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच क्षणी कुणाला तरी उठवा, दवाखाना गाठा.

कार्यक्रमात खरा धोका नंतरच्या तासात असतो. अंगात सूर भिनलेले, झोप नाही, समोर ग्लास. मी एकेक वायर सावकाश गुंडाळतो, आणि आमचा ड्रमर मला थेट घरी सोडतो. हे आम्ही आधीच ठरवून ठेवलंय.

बरं वाटू लागलं तरी गोळी निदान 6 महिने चालू ठेवा, पुढचं डॉक्टरांशी बोलून ठरवा.