नेटहॅकमधली एक्सकॅलिबर: तलवार बुडवण्याआधी या चुका टाळा

नेटहॅक हा १९८७ पासून चालत आलेला, फुकट मिळणारा खेळ. चित्रांच्या जागी अक्षरं, आणि एकदा मेलात की पहिल्यापासून सुरुवात. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध तलवार म्हणजे एक्सकॅलिबर. ती मिळवायला कुणाला मारावं लागत नाही की पेट्या फोडाव्या लागत नाहीत. साधी लाँग सोर्ड कारंज्यात बुडवायची. आर्थर राजाच्या कथेतली सरोवराची देवी इथे कारंज्यातून हात वर काढते आणि तलवारीला आशीर्वाद देते.

हे इतकं सोपं वाटतं की दिसलं कारंजं, बुडव तलवार, असं होतं. मग तलवार शापित होते, परी ती पळवते, नाहीतर गावचे पहारेकरी अंगावर येतात. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक गोष्टी बुडवण्याआधी अर्धा मिनिट स्क्रीनच्या शेवटच्या दोन ओळी वाचल्या असत्या तर टळल्या असत्या.

लॉफुल नसताना बुडवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खेळातल्या पात्राची वृत्ती (अलाइनमेंट) लॉफुल, न्यूट्रल किंवा केऑटिक यांपैकी एक असते, आणि एक्सकॅलिबर फक्त लॉफुल पात्राला मिळते. तुम्ही न्यूट्रल किंवा केऑटिक असाल आणि फासा नेमका तुमच्या बाजूने पडला, तर पाण्यातून गोठवणारं धुकं उठतं, तलवारीला वेढतं आणि कारंजं नाहीसं होतं. तलवार शापित होते, गंजरोधक असेल तर तो गुण जातो, आणि ३ पैकी १ वेळा तिची अधिक-उणे पातळीही (नावाआधीचा +१, -१ असा आकडा) एकाने घसरते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे हातसुद्धा दिसत नाही.

फसतात ते बहुधा वाल्किरी हे योद्ध्याचं पात्र घेणारे. वाल्किरी म्हणजे लॉफुलच, असा समज असतो. पण मानव वंशाची वाल्किरी लॉफुलही असते आणि न्यूट्रलही. ड्वार्फ वाल्किरी मात्र नेहमी लॉफुल. पात्र निवडताना सगळं खेळावर सोडलं असेल तर शेवटच्या दोन ओळींतल्या वरच्या ओळीत, नावाच्या पुढे अगदी शेवटी येणारा शब्द वाचा, किंवा कंट्रोल-एक्स दाबून खात्री करा. नाइट आणि सामुराई ही पात्रं लॉफुलच असतात.

पाचव्या पातळीआधी घाई

अनुभवाची पातळी ५ झाल्याशिवाय एक्सकॅलिबरची शक्यता शून्य आहे. कमी नव्हे, शून्य. पातळी ५ साठी १६० अनुभवगुण लागतात. पातळी ४ वर बुडवलीत तर कारंज्याचे बाकीचे सगळे उपद्रव लागू होतात आणि वर कारंजं आटण्याचा धोका. एखादं कारंजं पहिल्याच मजल्यावर सापडलं तर ते जपून ठेवा आणि नंतर परत या. ते कुठे जात नाही.

भलतीच तलवार

सामुराईची कटाना चालत नाही. दोन हातांनी धरायची तलवार, ब्रॉडसोर्ड, शॉर्ट सोर्ड, सिमिटर, यांतली कोणतीच चालत नाही. यादीत सरळ ‘लाँग सोर्ड’ असं नाव दिसलं पाहिजे. सामुराईला ती वाटेत शोधावी लागते, पण मेहनत फुकट जात नाही, कारण त्याचं लाँग सोर्डचं कौशल्य एक्स्पर्टपर्यंत जातं. लॉफुल असूनही हे कौशल्य ज्याला बंद आहे, त्याला दर घावाला नेमात ४ आणि नुकसानात २ ची वजाबाकी बसते. अशा पात्राने या फंदात पडू नये.

आधीच नावाजलेली तलवारही उपयोगाची नाही. फ्रॉस्ट ब्रँड, फायर ब्रँड, व्हॉर्पल ब्लेड, सनसोर्ड या मुळात लाँग सोर्डच, पण त्या कितीही बुडवल्या तरी एक्सकॅलिबर होणार नाहीत. आणि साध्या तलवारीला स्वतःच ‘एक्सकॅलिबर’ नाव द्यायची युक्ती? नाव कोरताना हात घसरतो आणि भलतंच काहीतरी लिहिलं जातं. नाव देऊन तयार होणारी शस्त्रं या खेळात दोनच, स्टिंग आणि ऑर्क्रिस्ट.

बुडवण्याऐवजी पिणं

कारंज्याचं चिन्ह महिरपी कंस, म्हणजे { असं. त्यावर जाऊन उभं राहायचं, हॅशची कळ दाबून ‘डिप’ लिहायचं, तलवारीचं अक्षर द्यायचं, आणि कारंज्यात बुडवायची का असं विचारल्यावर वायची कळ दाबायची. सवयीने क्यूची कळ दाबलीत तर खेळ पाणी प्यायचं का असं विचारतो. पिण्याने एक्सकॅलिबर कधीच मिळत नाही, त्रास मात्र सगळे मिळतात. तरंगत असाल (अंगठी किंवा बूट घालून) तर पाण्यापर्यंत हात पोचणारच नाही.

एका कारंज्यावर विसंबणं

इथे थोडं गणित मांडू, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. ३.४.३ आणि ३.६ या आवृत्त्यांत दर बुडवणीला एक्सकॅलिबरची शक्यता ६ पैकी १. ती नाही मिळाली तर कारंजं आटण्याची शक्यता ३ पैकी १. दोन्ही एकत्र धरले तर एका कारंज्यातून तलवार मिळण्याची शक्यता ८ पैकी ३, म्हणजे साधारण ३७ टक्के. दोन कारंजी हाताशी असतील तर ६१ टक्के, तीन असतील तर ७६, चार असतील तर ८५. म्हणजे पहिलं कारंजं कोरडं पडलं तर त्यात नशीब फुटकं असं काही नाही. दहातल्या सहा वेळा तसंच होतं.

नशीब म्हणजे लक वाढवूनही काही फरक पडत नाही. हा फासा लक बघतच नाही. त्यासाठी वेदीवर बळी देत बसू नका.

चार कारंजी एकत्र मिळण्याची पक्की जागा म्हणजे ओरॅकलचा (भविष्य सांगणाऱ्या पात्राचा) मजला. तो ५ ते ९ या मजल्यांत कुठेतरी असतो आणि मधल्या दालनात ओरॅकलभोवती चार कारंजी असतात. तिथे पहारेकरी नाहीत, आणि तिथे पोचेपर्यंत पातळी ५ बहुधा झालेलीच असते. घाई नसेल तर पहिला प्रयत्न तिथेच करावा.

एक सूचना. ३.६ नंतरच्या ३.७ आवृत्तीच्या कोडमध्ये ६ पैकी १ ही शक्यता फक्त नाइटसाठी राखली आहे, इतरांना ३० पैकी १. त्या आवृत्तीत नाइट सोडून कुणीही या तलवारीवर सगळा बेत उभारू नये. तेच गणित केलं तर एका कारंज्याला जेमतेम ९ टक्के येतात. ऑनलाइन सर्व्हरवर खेळताना आधी आवृत्ती बघा. जुन्या मार्गदर्शिका वाचून नव्या आवृत्तीत दहा कारंजी आटवणारे पुष्कळ आहेत.

माइनटाउनमधली दुसरी बुडवणी

माइनटाउन म्हणजे खाणींच्या शाखेतलं गाव. तिथल्या कारंज्यांना वेगळा नियम आहे. एरवी जिथे कारंजं आटलं असतं, तिथे गावात आधी ताकीद मिळते. पहारेकरी दिसण्याच्या टप्प्यात असेल तर तो कारंजं वापरू नका असं ओरडतो. नसेल तर पाण्याची धार बारीक झाली, एवढाच संदेश येतो, आणि नेमका हाच संदेश लोक न वाचता पुढे ढकलतात. ताकीद मिळालेलं कारंजं पुढे ३ पैकी १ च्या हिशेबाने आटत नाही, पुढच्या खेपेला जवळपास नक्कीच आटतं. मग गावचे सगळे पहारेकरी एकदम तुमचे वैरी.

यातून सुटायची वाट साधी आहे. ताकीद प्रत्येक कारंज्याची वेगळी असते. एकावर ताकीद मिळाली की ते सोडा आणि गावातल्या दुसऱ्या कारंज्यावर जा. सगळ्यांवर मिळाली की गाव सोडा. पहारेकऱ्याशी लढून मोकळं होऊ म्हणाल, तर तो अजून शांत असताना त्याला मारण्याने लक बरंच घसरू शकतं, आणि पातळी ५-६ च्या पात्राला तो मारला जाईलच असंही नाही.

रिकाम्या हाताने परी, उघड्या जागी राक्षस

दर साध्या बुडवणीमागे ३० पैकी १ वेळा जलपरी येते. ती काहीतरी चोरते आणि दुसरीकडे गायब होते, आणि चोरीची वस्तू तुमची लाँग सोर्डच असू शकते. तेल गेलं, तूप गेलं. ती त्याच मजल्यावर असते आणि तिला मारलं की वस्तू परत मिळते, पण तिला जवळ येऊ न देता. म्हणून फेकायच्या डॅगर जवळ ठेवा. ज्याच्याशिवाय चालणार नाही असं सामान आधी कारंज्यापासून लांब एखाद्या कोपऱ्यात ठेवून या. अगदी शेजारच्या घरात (चौकोनात) नको, कारण कधीकधी पाणी उसळून आजूबाजूला डबकी होतात.

पाणसापही ३० पैकी १ वेळा येतात, एका वेळी २ ते ६. विषाला प्रतिकार नसेल तर यांचा एक चावाही जीव घेऊ शकतो. जलराक्षसाची शक्यता तेवढीच, पण तो जास्त गंभीर. त्याची पातळी ८ आणि चिलखताचा आकडा उणे ४, त्यामुळे तुमचे बहुतेक घाव हवेत जातात, शिवाय तो दुसऱ्या राक्षसांना हाक मारू शकतो. वरच्या मजल्यांवर तो कधीकधी लढण्याऐवजी एक वरदान देतो. शक्यता २० टक्क्यांतून मजल्याचा आकडा वजा करून येते, म्हणजे पाचव्या मजल्यावर १५ टक्के. उरलेल्या ८५ टक्क्यांची तयारी करून या.

तयारी म्हणजे काय? कारंज्याच्या घरात काही कोरता येत नाही, त्यामुळे ऐनवेळी तिथे उभं राहून एल्बेरेथ (बहुतेक राक्षसांना दूर ठेवणारा शब्द) लिहिता येणार नाही. शेजारच्या मोकळ्या घरात ते आधीच धुळीत लिहून ठेवा आणि संकट आलं की त्यावर पाय ठेवा. तिथे उभं राहून तलवार चालवू नका, ३.६ मध्ये हल्ला केला की अक्षरं पुसली जातात. प्राणशक्ती ५० च्या खाली असेल तर एकदोन पातळ्या आणखी थांबलेलं बरं.

गंज आणि शाप काढत बसणं

पाण्याने तलवार गंजते. गंज दिसला की लोक घाबरून थांबतात किंवा मौल्यवान स्क्रोल वाचतात. गरज नाही. एक्सकॅलिबर झाली की सगळा गंज जातो, तलवार कायमची गंजरोधक होते, शाप असेल तो जाऊन आशीर्वाद मिळतो. उलट गंज चढला त्या खेपेला निम्म्या वेळा पुढचे उपद्रव आणि आटणं दोन्ही टळतं. बदलत नाही ती फक्त अधिक-उणे पातळी. उणे २ ची तलवार बुडवलीत तर एक्सकॅलिबरही उणे २ चीच मिळते.

मिळाल्यावरच्या चुका

एक्सकॅलिबर नेमात १ ते ५ आणि नुकसानात १ ते १० ची भर घालते, कोणत्याही शत्रूवर. लहान शत्रूवर सरासरी १०, मोठ्यावर १२ नुकसान, तुमची ताकद आणि तलवारीची अधिक पातळी वेगळी. आपोआप शोध घेणं आणि पातळी शोषली न जाणं हे दोन गुण मात्र ती हातात धरलेली असेल तोवरच. व्हॅम्पायर समोर असताना धनुष्य हातात घेतलंत की संरक्षण गेलं.

एन्चँट वेपनचे (शस्त्राची अधिक पातळी वाढवणारे) स्क्रोल वाचताना आकडा बघा. अधिक ५ पर्यंत वाचणं सुरक्षित. अधिक ६ किंवा वर असताना वाचलात तर ३ पैकी २ वेळा तलवार लखलखते आणि वाफ होऊन जाते. एक्सकॅलिबर आहे म्हणून सवलत नाही.

ही तलवार स्वतःची मर्जी असलेली आहे. तुमचा अलाइनमेंटचा हिशेब शून्याखाली गेला असेल तर ती उचलताना किंवा हातात घेताना १० बाजूंच्या ४ फाशांइतका फटका बसतो. जादूचा प्रतिकार असेल तर २ फाशांइतका. नाइट यात जास्त अडकतात, कारण पळणाऱ्या शत्रूवर वार केला तरी त्यांचे गुण कटतात. बराच वेळ बाजूला ठेवलेली तलवार उचलण्याआधी चारदोन वैरी राक्षस दुसऱ्या शस्त्राने मारून हिशेब वर आणा.

शेवटची चूक फार खाली, गेहेनॉममध्ये, म्हणजे खेळातल्या नरकात होते. अ‍ॅस्मोडियस आणि बाल्झेबब हे राक्षसराजे खरंतर पैसे घेऊन वाट सोडतात. एक्सकॅलिबर हातात दिसली की ते बोलणीच करत नाहीत, थेट चिडून अंगावर येतात. त्यांच्या मजल्यावर उतरायच्या आधीच डब्ल्यूची कळ दाबून दुसरं शस्त्र धरा. तलवार पिशवीत असली तर त्यांची हरकत नसते.