साथीच्या दिवसांत चिमुकल्यांना घेऊन थीम पार्कला जायचं तर

चार वर्षांच्या मुलाचा थीम पार्कातला दिवस एरवीही दुपारी दीड-दोनला संपतो. साथ चालू असताना तो आणखी लवकर संपतो, कारण तोंडावर मास्क असतो आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी मोठं माणूस ‘हात लावू नकोस’ म्हणून मागे लागलेलं असतं. त्यामुळे बेत अर्ध्या दिवसाचाच करा. सगळं बघून पैसे वसूल करायचे असतील, तर साथ ओसरल्यावर जा.

पायरी १ : जायचं का, हे आधी ठरवा

घरात वयस्कर किंवा आजारी माणूस असेल, तर निर्णय त्याच्याकडे बघून घ्या, मुलांच्या हट्टाकडे बघून नव्हे. मुलाला आदल्या दोन-तीन दिवसांत ताप, खोकला, जुलाब, काहीही झालं असेल तर बेत रद्द. हे सोपं वाटतं, पण तिकिटाचे पैसे बुडतात म्हटलं की भल्याभल्यांना ‘जरासं अंग कोमट आहे एवढंच’ असं वाटू लागतं. म्हणून तारीख बदलून मिळणारं किंवा पैसे परत मिळणारं तिकीटच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. आणि मुलांना आदल्या रात्रीपर्यंत तारीख सांगू नका. आमच्या धाकटीला आठवडाभर आधी सांगितलं होतं, आणि बेत रद्द झाल्यावर पुढचा आठवडाभर ती ‘आज जायचं का?’ विचारत होती.

पायरी २ : दिवस आणि वेळ

शाळेच्या दिवशी, सकाळी, फाटक उघडताना. एवढं पुरे. फक्त गर्दी कमी म्हणजे रांगाही छोट्या, असं धरून चालू नका. कोविडच्या वेळी शांघायचं डिस्नेलँड ११ मे २०२० ला पुन्हा उघडलं तेव्हा क्षमतेच्या ३० टक्क्यांहूनही कमी लोकांना आत सोडत होते. पण माणसं कमी असली तरी अशा काळात राईडवर एक रांग सोडून एक रांग रिकामी ठेवतात, मधूनमधून थांबवून पुसूनही घेतात. माणसं निम्मी आणि जागाही निम्म्या, म्हणजे हिशेब तिथेच. उलट दोन-दोन मीटरवर खुणा मारलेली रांग लांबलचक दिसते, पण भराभर सरकते. शेपूट बघून घाबरू नका, दारावरच्या माणसाला किती वेळ लागेल ते विचारा.

आधी नोंदणी केल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत, नुसतं तिकीट पुरत नाही. आदल्या रात्री पार्कचे नियम पुन्हा एकदा वाचा, कारण ते आठवड्या-आठवड्याला बदलतात.

पायरी ३ : मास्कचा सराव घरी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आधी वय बघा. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क लावायचा नाही, गुदमरण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा सल्ला असा होता, की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर मास्कची सक्ती करू नये. पण फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड जुलै २०२० मध्ये उघडलं तेव्हा तिथे दोन वर्षांपासून पुढे सगळ्यांना मास्क लागत होता. म्हणजे सल्ला एक आणि फाटकावरचा नियम दुसरा असू शकतो. तुमचं मूल त्या पार्कच्या नियमात बसणार नसेल, तर तिथे जाऊन भांडण्यात अर्थ नाही.

सराव आठ-दहा दिवस आधी सुरू करा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, खेळता खेळता. मग अर्धा तास, मग बाहेर फेरफटका मारताना. बघायचं काय, तर मास्क नाकाखाली कधी घसरतो, मूल त्याची दोरी चघळतं का, कानामागे लाल होतं का. कानाची दोरी सैल असेल तर तिला एक गाठ मारा. गळ्यात माळ घालून मास्क अडकवायची सोय दिसायला छान, पण पाळण्यात किंवा घसरगुंडीवर ती अडकू शकते. राईडवर जाताना माळ काढून ठेवा.

मूल जेवढा वेळ कुरकुर न करता मास्क ठेवतं, तेवढाच वेळ सलग रांगेत उभं राहायचं. आमचा आकडा पस्तीस मिनिटं होता. पन्नास मिनिटांची पाटी दिसली की आम्ही सरळ पुढे निघायचो.

पायरी ४ : पिशवी

माणशी तीन-चार मास्क, त्यातले दोन फक्त भिजल्यावर बदलायला. लाळेने, घामाने किंवा पाण्याच्या राईडने ओला झालेला मास्क निकामी होतो आणि त्यातून श्वासही नीट घेता येत नाही. वापरलेल्यांसाठी वेगळी पिशवी. प्रत्येकाची नाव लिहिलेली पाण्याची बाटली, कपड्यांचा एक जोड, ओले रुमाल, आणि निदान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर. ही बाटली मुलाच्या पाठपिशवीला लटकवू नका. रंगीत, सुगंधी बाटली लहान मूल तोंडाला लावतंच, आणि दोन-चार घोटसुद्धा धोक्याचे असतात. बाबागाडी शक्यतो स्वतःचीच न्या.

पायरी ५ : फाटकावर

ताप तपासतात, आणि मर्यादा साधारण ३८ अंश सेल्सिअसची असते. उन्हात पळून आलेल्या मुलाचं कपाळ तापलेलं असतं. पाच-दहा मिनिटं सावलीत बसवा, पाणी पाजा, मग रांगेत जा.

पुढे सॅनिटायझरचं यंत्र. ते मोठ्यांच्या कमरेच्या उंचीला लावलेलं असतं, म्हणजे नेमकं तीन-चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर. मूल उत्साहाने खाली हात धरतं आणि फवारा डोळ्यात. फ्रान्समध्ये २०२० साली सॅनिटायझर डोळ्यांत उडून लहान मुलांना इजा होण्याचे प्रकार आदल्या वर्षापेक्षा कितीतरी वाढले होते. तेव्हा आधी तुमच्या तळव्यावर घ्या आणि मग मुलाच्या हातांना चोळा, सुकेपर्यंत. उडालंच डोळ्यात, तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पायरी ६ : आत गेल्यावर

मोकळ्या हवेतल्या राईड आधी. अंधाऱ्या बोगद्यातल्या, बंद दालनातल्या, नाट्यगृहातल्या गोष्टी यादीतून काढूनच टाका. तिथे तीच हवा सगळे घेत असतात.

रांगेतला खरा त्रास म्हणजे तो लोखंडी कठडा. मूल त्याला लोंबकळणार, हात फिरवत चालणार, आणि एखादं तर जीभही लावणार. ओरडून उपयोग नाही. दोन्ही हात गुंतवा: एक हात तुमच्या हातात, दुसऱ्यात घरून आणलेलं छोटं खेळणं. राईडवरून उतरलं की हात साफ, मगच नाक-डोळे. हात चिकट किंवा मातकट असतील तेव्हा सॅनिटायझर नीट काम करत नाही, साबणाने वीस सेकंद धुवायचे.

एक मूल उंचीच्या पट्टीला पोचतं आणि दुसरं नाही, असं असेल तर पालकांच्या अदलाबदलीची सोय विचारा. एक जण मोठ्याला घेऊन राईड करतो, तोवर दुसरा धाकट्याजवळ थांबतो, आणि मग पुन्हा रांग न लावता जागा बदलतात. ही सोय बऱ्याच पार्कांत असते, पण न विचारता कुणी सांगत नाही.

आवडती पात्रं जवळ येणार नाहीत, लांबून हात हलवतील, हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा. नाहीतर मिठी मारायला धावलेलं मूल दोरीपाशी अडवलं जातं आणि तिथेच भोकाड पसरतं. ओरडण्यावरही बंधन असू शकतं. जपानच्या फुजी-क्यू हायलँडने २०२० मध्ये लोकांना मनातल्या मनात किंचाळायला सांगितलं होतं! मुलांना हा खेळ भलताच आवडतो: गाल फुगवायचे, डोळे विस्फारायचे, आवाज शून्य.

पाण्याच्या राईडवर मास्क काढूनच जायचं. गर्दी पाण्यात कमी आणि कपडे बदलायच्या खोलीत जास्त असते, म्हणून कपडे आतून घालून या.

पायरी ७ : खाणं आणि शू

सगळे जेवतात त्याच्या तासभर आधी जेवा, उघड्यावर, कोपऱ्यातल्या बाकावर. पाण्याच्या राईड सोडल्या तर मास्क निघतो तो हाच वेळ, म्हणून घाई नको आणि चालता चालता खाऊ देणंही नको. स्वच्छतागृहात मोठी राईड सुटण्याच्या आधीच जाऊन या. एकदम साठ माणसं उतरतात आणि निम्मी तिकडेच वळतात.

पायरी ८ : परतल्यावर

कपडे धुवायला, मुलं आंघोळीला. कोविडची लक्षणं लागण झाल्यावर २ ते १४ दिवसांत दिसायची, बहुतेकांना पाचव्या-सहाव्या दिवशी. तेव्हा फोटो दाखवायला म्हणून दुसऱ्याच दिवशी आजी-आजोबांकडे जाऊ नका. फोनवर दाखवा, आणि मनातल्या मनात किंचाळायचं प्रात्यक्षिक मुलांना तिथूनच करू द्या.