रीच्ड टू, रिटर्न बॅक, कमिंग फ्रॉम: येण्या-जाण्याच्या इंग्रजीतल्या या चुका टाळा

'आय रीच्ड टू स्टेशन.' या वाक्यातले शब्द इंग्रजी आहेत, पण बांधणी 'मी स्टेशनला पोहोचलो'ची आहे. मराठीत कुठून निघालो आणि कुठे पोहोचलो हे प्रत्यय सांगतात: -ला, -हून, -तून, -वरून, -पासून. इंग्रजीत यातलं बरंचसं काम क्रियापद स्वतःच उरकतं. म्हणून येण्या-जाण्याचा किंवा उगमाचा शब्द निवडताना आधी दोन गोष्टी बघाव्यात. एक, दिशा क्रियापदाच्या पोटातच आहे का? दोन, बोलणाऱ्याची नजर निघण्याच्या टोकावर आहे की पोहोचण्याच्या? पुढच्या बहुतेक चुका या दोन ठिकाणीच होतात.

नको तिथे 'टू'

रीच, एंटर, व्हिजिट, अप्रोच ही क्रियापदं थेट कर्म घेतात. 'रीच्ड द स्टेशन', 'एंटर्ड द रूम', 'व्हिजिटेड रायगड'. मध्ये टू किंवा इंटू घालू नका. 'एंटर इंटू' चालतं ते करारासाठी किंवा वाटाघाटींसाठी, खोलीसाठी नाही.

अराइव्ह मात्र अकर्मक आहे. शहर किंवा देश असेल तर 'अराइव्ह इन', स्टेशन, ऑफिस, विमानतळ असेल तर 'अराइव्ह ॲट'. 'अराइव्ह टू' असं काही नसतं. अर्थातही फरक आहे. रीचमध्ये वाटचाल किंवा खटाटोप संपल्याची छटा आहे, म्हणून शिखर 'रीच' करतात. अराइव्हमध्ये नजर मुक्कामावर असते, म्हणून गाड्यांच्या वेळापत्रकात तोच शब्द. रोजच्या बोलण्यात या दोन्हींपेक्षा 'गेट टू' जास्त ऐकू येतं. घरी पोहोचल्यावर 'आय हॅव रीच्ड' असा मेसेज भारतात सर्रास जातो. लंडनमधला माणूस तो वाचून 'कुठे?' असं विचारेल, कारण त्याच्या कानाला रीचचं कर्म हवं असतं. त्याला 'आयम होम' किंवा 'गॉट होम सेफली' कळवा.

'गो टू होम' आणि 'गो टू अब्रॉड' टाळायची युक्ती मराठीतच आहे. आपण 'घरी जातो' म्हणतो, 'घरीला जातो' म्हणत नाही. 'घरी'मध्ये प्रत्यय आधीच मुरलेला आहे. होम म्हणजे घर नव्हे, 'घरी'. अब्रॉड म्हणजे 'परदेशी'. हिअर, देअर, अपस्टेअर्स म्हणजे इथे, तिथे, वर. यांच्यामागे टू लावणं म्हणजे 'परदेशीला' म्हणणं. 'माय होम' म्हटलं की मात्र ते पुन्हा नाम होतं आणि टू परत येतं.

'सोडलं' म्हणजे लेफ्ट नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. 'आईला स्टेशनवर सोडलं' याचं 'आय लेफ्ट माय मदर ॲट द स्टेशन' केलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की तुम्ही आईला तिथेच टाकून आलात. मराठीतल्या एका 'सोडणे'ला इंग्रजीत निदान तीन वाटा आहेत. गाडीने नेऊन सोडलं तर 'ड्रॉप्ड हर ऑफ'. निरोप द्यायला गेलात, गाडी हलेपर्यंत थांबलात, तर 'सॉ हर ऑफ'. कोपऱ्यावरच्या स्टॉपपर्यंत पायी सोबत केली तर 'वॉक्ड हर टू द बस स्टॉप'. उलट, आणायला जाणं म्हणजे 'पिक अप' किंवा 'मीट'. त्यासाठी आपण 'रिसीव्ह' वापरतो, पण भारताबाहेर रिसीव्ह म्हटलं की आधी पार्सल किंवा पत्र आठवतं.

लीव्हची आणखी एक खोच: 'लेफ्ट मुंबई' म्हणजे मुंबई सोडली, 'लेफ्ट फॉर मुंबई' म्हणजे मुंबईकडे निघालो. एका फॉरने दिशा उलटते. 'लेफ्ट टू मुंबई' चूक आहे. 'लेफ्ट फ्रॉम होम'मधला फ्रॉमही काढा, नुसतं 'लेफ्ट होम' पुरतं.

येतो, आणतो, जाऊन आलोय

कम आणि गो यांची वाटणी आपल्या येणे-जाणेशी बरीच जुळते. 'मी उद्या तुझ्याकडे येतो' इथे इंग्रजीतही कमच, कारण नजर ऐकणाऱ्याच्या ठिकाणी आहे. घोळ होतो तो उंबऱ्यावर. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये म्हणून आपण 'येतो' म्हणतो. त्याचं 'आयम कमिंग' केलं की समोरचा गोंधळतो, कारण तुम्ही तर चाललात. तिथे 'आयम ऑफ' किंवा 'सी यू' म्हणा. आतून हाक आली की आपण भूतकाळात 'आलो!' म्हणतो, तिथे मात्र इंग्रजीत 'कमिंग!'

ब्रिंग म्हणजे घेऊन ये, टेक म्हणजे घेऊन जा, आणि फेच म्हणजे जाऊन घेऊन ये, फेरी दोन्ही बाजूंची. कॅरीत ओझं आहे. 'आय कॅरीड माय फ्रेंड टू द हॉस्पिटल' म्हणजे उचलून नेलं. रिक्षाने नेलं असेल तर 'टुक'.

'ही हॅज गॉन टू दिल्ली' म्हणजे तो दिल्लीला गेलाय, अजून तिथेच किंवा वाटेत आहे. 'ही हॅज बीन टू दिल्ली' म्हणजे जाऊन आलाय. नोकरीच्या अर्जात 'आय हॅव गॉन टू जर्मनी' लिहिलं तर वाचणारा विचारेल, मग अर्ज कुठून केलात?

परतण्यात 'बॅक'ची पुनरुक्ती नको. रिटर्नमध्ये 'परत' आलंच. 'रिटर्न बॅक' किंवा 'रिव्हर्ट बॅक' म्हणजे 'परत परतणे'. 'प्लीज रिव्हर्ट' हे उत्तर द्या या अर्थाने आपल्या ऑफिसांमध्ये रुळलेलं आहे. पण इतरत्र रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला जाणं. परदेशी ग्राहकाला 'रिप्लाय' लिहा.

चढणे-उतरणे

'क्लाइंब्ड द बस' आणि 'गॉट डाउन फ्रॉम द बस' टाळा. ज्यात उभं राहता किंवा चालता येतं ती वाहनं (बस, रेल्वे, विमान, जहाज) आणि ज्यावर टांग टाकून बसतो ती (सायकल, मोटरसायकल) यांना गेट ऑन आणि गेट ऑफ. वाकून आत बसायची कार किंवा रिक्षा असेल तर गेट इन आणि गेट आउट ऑफ.

उगमाचे शब्द

'आय ॲम कमिंग फ्रॉम सातारा' म्हणजे आत्ता साताऱ्याहून येतोय. 'आय कम फ्रॉम सातारा' म्हणजे मी साताऱ्याचा. मराठीत हा फरक -हून आणि -चा करतात, इंग्रजीत काळ करतो. भूतकाळ वापरलात, 'आय केम फ्रॉम सातारा', की पुन्हा प्रवासच. 'आय बिलाँग टू सातारा' नको, त्यात मालकीची किंवा सभासदत्वाची छटा आहे. 'हेल फ्रॉम' बरोबर आहे, पण मुलाखतीत जरा ठेवणीतलं वाटतं. हा वाक्प्रयोग जहाजांचा, कोणत्या बंदराचं ते सांगण्याचा.

-चा आणि -पासून यांची जोडी पदार्थांनाही लागू पडते. माठ मातीचा, म्हणून 'मेड ऑफ क्ले': माती अजून दिसते. गूळ उसापासून, म्हणून 'मेड फ्रॉम शुगरकेन': ऊस ओळखू येत नाही.

नदी 'उगम पावते' याला ओरिजिनेट चालतं, पण भूगोलाच्या इंग्रजीत नेटका शब्द राइज आहे: 'द गोदावरी रायझेस निअर त्र्यंबकेश्वर.' उगमस्थान म्हणजे सोर्स. ओरिजिनेटची खरी जागा प्रथा, कल्पना, खेळ यांच्यापाशी आहे. ठिकाण किंवा काळ असेल तर त्यानंतर इन, व्यक्ती असेल तर विथ. अराइज मात्र प्रश्न, वाद, गरज यांच्यासाठी. अराइज आणि इमर्ज यांची गल्लत फार होते. जे नव्याने उद्भवतं ते अराइज, जे आधीपासून होतं पण झाकलेलं होतं ते इमर्ज. बोगद्यातून गाडी 'इमर्ज' होते, चौकशीत घोटाळा 'इमर्ज' होतो. कारण दाखवायचं तर स्टेम फ्रॉम: त्यांचं भांडण बांधावरून 'स्टेम' झालं. वास, प्रकाश, आवाज यांचं पसरणं इमनेट.

डिराइव्हच्या पोटात पाणी आहे. लॅटिनमध्ये रिवुस म्हणजे ओढा, आणि डिराइव्ह म्हणजे मुळात प्रवाहातून पाट काढणं. म्हणून सूत्र, उत्पन्न, आनंद, शब्द हे सगळं 'डिराइव्ह' होतं: कशातून तरी काढलेलं. माणसाचा वंश मात्र डिराइव्ह होत नाही, तिथे 'बी डिसेंडेड फ्रॉम'. यातलं बी गाळू नका. 'ही डिसेंडेड फ्रॉम'पुढे राजघराण्याऐवजी जिना येईल असं वाटतं.

भाषेबद्दल लिहिताना डिसेंड आणि बॉरो यांत गल्लत नको. मराठी महाराष्ट्री प्राकृतातून आली असं मानतात, ते डिसेंड. इंग्रजीतला 'मंगूस' कोशकार मराठीतल्या मुंगसाशी जोडतात, तो बॉरो, उसनवार. इंग्रजी भाषा काही मराठीची लेक नव्हे. खात्री नसेल तर 'कम्स फ्रॉम' लिहा, ते दोन्हींना चालतं.

स्थलांतर: चार शब्द, चार नजरा

घर बदललं तर 'वी मूव्ह्ड टू पुणे'. शिफ्ट आपल्याकडे रूढ आहे, पण ब्रिटिश किंवा अमेरिकन कानाला ते कपाट थोडं सरकवल्यासारखं वाटतं. देश सोडण्याच्या टोकावरून पाहिलं तर एमिग्रेट (emigrate), म्हणजे 'ई'ने सुरू होणारा आणि फ्रॉम घेणारा शब्द. जिथे गेले त्या देशातून पाहिलं तर इमिग्रेट (immigrate), म्हणजे 'आय'ने सुरू होणारा आणि टू घेणारा. उच्चार जवळपास सारखा असल्याने लिहिताना पहिलं अक्षर तपासा. मायग्रेटमध्ये हंगाम किंवा समूह आहे. बीडहून दरवर्षी ऊसतोडीला जाणारे मजूर 'मायग्रेट' करतात आणि हंगाम संपला की परततात.

कोयनेच्या धरणग्रस्तांसाठी मात्र यातला एकही शब्द चालत नाही. तिथे 'वेअर डिस्प्लेस्ड', तेही कर्मणीच. 'मायग्रेटेड' लिहिलंत तर ती माणसं आपणहून गाव सोडून गेली असा अर्थ होतो.