भीती गेल्यावर नव्हे, भीती असतानाच

सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाले. आता सोलापुरात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण पोरांची शनिवारची सभा माझ्याकडे असते. पोरं कारखान्यात, कापडाच्या दुकानात, बिडीच्या गोदामात कामाला. "सिस्टर, भीती जायला काय करू?" हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं: ती जायची वाट बघू नका.

आधी भीती नीट सांगा. "प्रभू, धीर दे" एवढ्यावर उरकू नका. "सोमवारी मालक स्टॉकच्या वहीत खोटे आकडे लिहायला लावणार, नाही म्हटलं तर काम जाईल, भाडं थकेल," असं सगळं बोला. पकडला जायच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनंही दुःखाचा प्याला टळावा असं देवाकडे उघड मागितलं. सोबत तीन शिष्यांना नेलं होतं, ते झोपले ती गोष्ट वेगळी. तुम्हीही एका भरवशाच्या माणसाला सांगा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको, तिथं बायबलात "भिऊ नको" ३६५ वेळा आहे हाच मेसेज परत येईल. मोजायला बसलात तर तो आकडा जुळत नाही.

मग मालकाशी बोलायची वेळ निवडा. बायबलातल्या शास्ते पुस्तकाचा सहावा अध्याय वाचा. देवाच्या सांगण्यावरून बआल या परक्या दैवताची वेदी पाडायला गिदोन दहा नोकर घेऊन गेला तो रात्री, कारण घरच्यांची आणि गावाची भीती होती. त्याबद्दल देवानं त्याला बोल लावला नाही. तेव्हा गिऱ्हाइकांसमोर तोंड उघडू नका, शटर ओढल्यावर बोला.

काय बोलायचं ते मी घरी उभं करून म्हणून घेते. मालक मी. समोर कडक भाकरी आणि शेंगा चटणी असते, पण वाक्य जमल्याशिवाय ताट नाही. "मालक, हिशेब चोख ठेवीन, पण जो माल गेला नाही तो गेला असं लिहिणार नाही." पहिल्यांदा सगळे फरशीकडे बघतात आणि शेवटी "म्हणजे, बघा तुम्ही" असं जोडतात. ते शेपूट तोडायचं. बोलून झालं की गप्प राहायचं. मालकाला बायबलची वचनं ऐकवायला जाऊ नका, त्याला ती धमकी वाटते.

दुसरीकडे कामाची चौकशी आधीच करून ठेवलीत तर विश्वास कमी पडला असं होत नाही. धीर व्हायला वेळ लागला तरी चालेल. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा पाच वर्षांनी, १९०० चा.

आणि घरात मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर हे काहीच लागू नाही. तिथून आधी निघा. जीव वाचवायला प्रेषित पौलालाही दमास्कस शहराच्या तटावरून टोपलीत बसवून खाली सोडलं होतं.

काम गेलंच तर पाळकांनी घरी येऊन प्रार्थना जरूर करावी, पण आल्या आल्या महिन्याच्या किराण्याचं विचारावं. आमच्याकडे हे मी सांगून ठेवलंय.