ताटं विजोड चालतील, वाट्या नकोत

घरात रोज पानं घ्यायचं काम माझ्याकडे आहे. आई, दादा-वहिनी, आम्ही दोघं आणि चार मुलं. त्यामुळे 'आपल्याकडे एकसारखी भांडी नाहीत' ही कटकट मी फार जवळून ऐकली आहे, आणि माझं मत पक्कं झालंय: भांडण ताटांवरून होत नाही, वाट्यांवरून होतं. ताट लहान-मोठं असलं तर कुणी बघतही नाही. पण शेजारच्याच्या वाटीत आमरस जास्त दिसला की संपलं. "भाऊजी, ही खोलगट मला नको, हिच्यात आमटी दोन घासांत संपते," हे वहिनींचं ठरलेलं. म्हणून आधी वाट्या हातात घ्या.

सुट्टीच्या दिवशी दुपारी सतरंजी अंथरा आणि घरातली झाडून सगळी वाटी बाहेर काढा. फडताळातली, माळ्यावरच्या पिंपातली, फ्रीजमध्ये उरलेली चटणी धरून बसलेलीसुद्धा. मग एकेक उपडी करून बुड बघा. अर्ध्याअधिक वाट्यांवर नाव असतंच. आमच्याकडे एकीवर आजीचं नाव आणि '१२-५-७१' आहे, ठोकून घातलेल्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात. दुसरीवर 'सप्रेम भेट' एवढंच वाचता येतं, देणाऱ्याचं नाव घासून घासून गेलंय. अहेर, संक्रांतीची वाणं, बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलेली, कुणाच्या डब्याबरोबर आलेली आणि परत न गेलेली. घराघरांत वाट्या विजोड होतात त्या अशा. मुद्दाम विजोड घ्यायला कुणी बाजारात जात नाही.

आता ढीग करा, पण डोळ्यांनी नव्हे, पाण्याने. दिसायला सारख्या वाटणाऱ्या दोन वाट्यांत चांगलाच फरक निघतो, कारण एकीचं बुड सपाट असतं आणि दुसरीचं निमुळतं. खुणा असलेला प्लॅस्टिकचा मापाचा पेला घ्या, प्रत्येक वाटी काठोकाठ भरून त्यात ओता. साधारण दीडशे मिलीच्या आसपासच्या आमटी-भाजीच्या. त्याहून बऱ्याच लहान त्या कोशिंबिरीच्या. दोनशेच्या वरच्या कढी, खीर, आमरसाच्या. ज्या ढिगात घरातल्या माणसांइतक्या वाट्या निघतील तो ठेवायचा. एकाही ढिगात निघाल्या नाहीत तर नव्या घ्याव्या लागतील, त्याला इलाज नाही.

उरलेल्या वाट्यांचं काय? नाव घातलेली वाटी मोडीत देऊ नका. घरात अबोला होतो आणि मोडीला स्टीलचे पैसे किती येणार! आजीची वाटी मिसळणाच्या डब्यात हळदीला लावली, दुसरी तांदळाच्या डब्यात माप म्हणून गेली, एक देवघरात नैवेद्याला. पितळी असतील तर त्यांना कल्हई आहे का ते बघा. नसेल तर ताक, चिंचेची आमटी, लोणचं त्यांत वाढायचं नाही. बिननावाच्या, चेपलेल्या स्टीलच्या खुशाल मोडीत द्या. जाण्याआधी घरच्या काट्यावर वजन करून घ्या.

नव्या घेताना आम्ही भांडी बाजारात जातो. नाशकात तो सराफ बाजाराला लागूनच आहे. तुमच्या गावात भांड्यांची आळी असेलच. बरोबर घरातलं एक ताट घेऊन जा. दुकानदार हसला तर हसू द्या. त्या ताटात तीन वाट्या ठेवून भात आणि पोळीला जागा उरते का, ते तिथेच कळतं. डब्यात बंद असलेला सेट घेऊ नका, सुट्या घ्या. स्टीलच्या भांड्यांना मापाचा नंबर असतो, तो विचारून लिहून ठेवा, म्हणजे पुढे चार वाढवता येतील. माणसांपेक्षा तीन-चार जास्तच घ्या. काठावरून बोट फिरवा. दुमडलेला असेल तर हाताला आणि ओठाला लागत नाही. गेज, म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा, विचारलात तर तो जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे ध्यानात ठेवा.

स्टील पारखायला चुंबक घेऊन जाणारे असतात. चुंबक घट्ट चिकटलं तर त्यात बहुधा निकेल जवळजवळ नाही, एवढंच कळतं. न चिकटलं म्हणून स्टील ३०४ या चांगल्या प्रतीचंच आहे असं नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, आणि त्यालाही चुंबक लागत नाही. लोणचं-मीठ ठेवायचं असेल तर ३०४ वर पैसे घाला, रोजच्या आमटीला तेवढा अट्टहास नको.

ताटांबाबत मी सैल आहे. दादाचं जड काठाचं, आईचं उथळ, धाकटीचं कप्प्यांचं. ज्याचं त्याला द्या. फक्त थाळीच्या ट्रॉलीतल्या फटीत उभं न राहणारं ताट घरात ठेवू नका, कारण ते कायम ओट्यावरच लोळतं. पाहुणे आले की एका रांगेत एका जातीची ताटं मांडा, आणि फारच माणसं असतील तर सरळ केळीची पानं आणा.

काचेच्या ओपलवेअरचा सेट हौसेने घेणार असाल तर कोरा पांढरा घ्या. फुलांची नक्षी दोन-चार वर्षांत बाजारातून जाते, आणि एक बशी फुटली की पुन्हा विजोड.

शेजारी काही द्यायचं तर ते या वाटीतून नको. रिकामं भांडं परत करायचं नाही ही रीत चांगली आहे, पण त्यात महिना जातो. देण्याघेण्याला आईस्क्रीमचे रिकामे डबे वेगळे ठेवा. तरीही वाटी गेलीच तर ओळखायला बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावा. घासणीने तो उडतो, अधूनमधून पुन्हा लावायचा. आणि दोन वाट्या एकमेकींत अडकल्या तर आपटू नका. आतल्या वाटीत बर्फाचं पाणी घाला, बाहेरची गरम पाण्यात धरा. आतली आक्रसते, बाहेरची फुगते, आणि किंचित पिळ दिला की सुटतात.