चिनी लष्करातल्या राजकीय अधिकाऱ्याची कारकीर्द कशी मांडायची

कोल्हापुरात तालमीला वस्ताद एकच असतो. चिनी पलटणीत मात्र दोघं: कमांडर आणि पक्षाचा राजकीय अधिकारी, दर्जानं बरोबरीचे. संरक्षणशास्त्राची मुलं दुसऱ्याला पहिल्याच्या हाताखालचा समजतात आणि तिथंच गाडी रुळावरून घसरते.

वहीत चार रकाने आखा: साल, पद, तुकडी, हुद्दा (रँक). पायरी पदाच्या नावावरून कळते. कंपनीत ‘जिदाओयुआन’, बटालियनमध्ये ‘ज्याओदाओयुआन’, रेजिमेंटपासून वर ‘जेंगवेई’, म्हणजे राजकीय कमिसार.

२०१६ ला लाल रेघ मारा. त्या वर्षी सात लष्करी प्रदेशांच्या जागी पाच थिएटर कमांड आल्या. जनरल पॉलिटिकल डिपार्टमेंट जाऊन केंद्रीय लष्करी आयोगाचा (लष्कराच्या सर्वोच्च मंडळाचा) राजकीय कार्य विभाग आला. ही रेघ नसली तर नुसता नावबदल बढती म्हणून लिहिला जातो.

गणवेशावरही विसंबू नका. मियाओ हुआ (मियाओ हे आडनाव, ते आधी येतं) भूदलात वाढले, २०१४ अखेर नौदलाचे राजकीय कमिसार झाले, २०१५ मध्ये ॲडमिरल, २०१७ मध्ये राजकीय कार्य विभागाचे प्रमुख. फक्त नौदलाची कागदं चाळली तर बहुतेक कारकीर्द हातातून जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते निलंबित झाल्याचं जाहीर झालं. ही नोंद ‘निवृत्त’ म्हणून करू नका.